कामासह सुट्टीचा व्हिसा : बॅग भरण्याआधी तब्येतीचा हिशेब

‘पोरगा ग्रॅज्युएट आहे, ऑस्ट्रेलियाला वर्षभर काम करायचा व्हिसा निघतो म्हणतात, पाठवावं का?’ हा प्रश्न आता वस्त्यांमधूनही आमच्यापर्यंत येऊ लागला आहे. पाठवावं की नाही, हे घराने ठरवायचं. पण आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचं कारण आहे. या वाटेवर व्हिसा अडतो तो अनेकदा छातीच्या एक्स-रेवर, आणि तिथे पोहोचल्यावर पैसा बुडतो तो अनेकदा एका आजारपणात. म्हणून कर्ज काढण्याआधी, दागिने गहाण टाकण्याआधी, तब्येतीचा हिशेब नीट मांडून घेऊ.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. आजही राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून आपली मुलं परदेशी शिकायला जातात. हा व्हिसा त्यातला नाही. इथे शिष्यवृत्ती नाही, नोकरीची हमी नाही. आपल्या खर्चाने जायचं, तिथे काम शोधायचं, कमावून राहायचं आणि मुदत संपली की परत यायचं. शिकायची इच्छा असेल तर आधी शिष्यवृत्तीचीच वाट धरावी, असं आमचं मत आहे.

हा व्हिसा म्हणजे नेमकं काय?

सध्या आपल्याकडच्या तरुणांना दोन दारं उघडी आहेत.

पहिलं ऑस्ट्रेलियाचं. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे वर्षाला १,००० भारतीयांना ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा मिळतो. त्याचा क्रमांक ४६२. भारतीयांसाठी पहिली सोडत २०२४ मध्ये सुरू झाली. वय १८ ते ३० पूर्ण, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि खात्यावर साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, शिवाय विमानाच्या तिकिटाचे पैसे, अशा अटी आहेत. सोडतीत नाव घालायला २५ डॉलर लागतात. त्यासाठी पासपोर्ट आणि पॅनकार्ड हवं. नाव निघालं तर २८ दिवसांत खरा अर्ज आणि त्याची वेगळी मोठी फी भरायची असते. व्हिसा १२ महिन्यांचा. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही.

दुसरं ब्रिटनचं. त्याला ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना म्हणतात. वर्षाला ३,००० जागा, वय १८ ते ३०, पदवी आवश्यक, खात्यावर सलग २८ दिवस २,५३० पौंड. मुदत दोन वर्षं. इथे सोडतीत नाव घालायला पैसे लागत नाहीत.

दोन्हीकडे नावं संगणक काढतो. कुणाची ओळख चालत नाही. ‘माझ्याकडे सेटिंग आहे, दोन लाख द्या, नाव काढून देतो,’ असं म्हणणारा एजंट सरळ फसवतो आहे असं समजा. अर्ज त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. फी आणि नियम दरवर्षी बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी तिथेच पुन्हा वाचा.

पहिली चाळणी : छातीचा एक्स-रे

भारतात क्षयरोग, म्हणजे टीबी, अजून खूप आहे. त्यामुळे सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयाची टीबीसाठी तपासणी दोन्ही देश करून घेतात. ही तपासणी कुठल्याही दवाखान्यात चालत नाही. ऑस्ट्रेलियासाठी त्यांनी नेमलेले पॅनल डॉक्टर, ब्रिटनसाठी त्यांनी मान्य केलेली केंद्रं. दोन्ही मुंबईत आहेत. पैसे आपणच भरायचे.

आपल्या वस्तीत एका खोलीत पाच-सहा माणसं, खिडकी एक, शेजारच्या घरात कुणीतरी खोकतंय, हे नेहमीचं आहे. टीबी हवेतून पसरतो, त्यामुळे तो अशा दाटीत जास्त फिरतो. यात लाजण्यासारखं काही नाही. घरं लहान ठेवणाऱ्या व्यवस्थेची ती लाज आहे. पण त्याचा परिणाम एक्स-रेवर दिसतो, हे मात्र ओळखून असावं.

लहानपणी किंवा कॉलेजात असताना टीबी होऊन बरा झालेला असेल, तरी फुप्फुसावर त्याचा व्रण राहू शकतो. एक्स-रेत तो दिसला की डॉक्टर पुढे बेडक्याची तपासणी सांगतात. बेडक्याचं कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का हे पाहणं, सहा ते आठ आठवडे चालतं. एवढ्या काळात तिकीट काढून बसलेला माणूस अडकतो. म्हणून तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा.

जुना टीबी बरा झालेला असेल तर व्हिसा मिळू शकतो. ऑस्ट्रेलिया कधी कधी अशा माणसाकडून लेखी हमी घेतं, की तिथे पोहोचल्यावर ठरलेल्या मुदतीत तिथल्या आरोग्य खात्याशी संपर्क करीन. चालू टीबी असेल तर मात्र आधी उपचार पूर्ण करावे लागतात. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा, आणि सरकारी दवाखान्यात तो मोफत.

यावरून तीन गोष्टी करा.

एक, सोडतीत नाव घालण्याआधीच सरकारी रुग्णालयात एक साधा एक्स-रे काढून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, यातलं काही असेल तर बेडका तपासा. घरात कुणाला टीबी असेल तर सगळ्यांचीच तपासणी करा. ती फक्त व्हिसासाठी नाही, घरातल्या लहान लेकरांसाठीही आहे.

दोन, पूर्वी उपचार घेतला असेल तर त्याचं कार्ड, निक्षय क्रमांक, जुने एक्स-रे, उपचार पूर्ण झाल्याचा दाखला शोधून ठेवा. कागद हरवले असतील तर जिथे गोळ्या घेतल्या त्या केंद्रात जाऊन नोंद काढून घ्या. जुना एक्स-रे आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवले की व्रण जुना आहे हे डॉक्टरला पटतं.

तीन, लपवू नका. ‘टीबी झाला होता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ लिहिलं आणि एक्स-रेत व्रण निघाला, तर आजारापेक्षा खोटेपणाचं नुकसान मोठं होतं. व्हिसा नाकारला जातो आणि पुढची काही वर्षंही अडचण येऊ शकते.

मधुमेह, बीपी, दमा, फिट येणं, एचआयव्ही यांसारख्या आजारांमुळे व्हिसा आपोआप नाकारला जात नाही. उपचाराचा त्यांच्या व्यवस्थेवर किती खर्च पडेल, हे ऑस्ट्रेलिया पाहतं. खरं लिहा, सोबत डॉक्टरचं पत्र जोडा.

सिकलसेल असेल तर

पूर्व विदर्भात, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, आपल्या समाजात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. तिथून येऊन मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत राहिलेल्या घरांतही ते असतं. जाणाऱ्या मुला-मुलीची तपासणी कधी झालीच नसेल तर आधी ती करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

‘एएस’ म्हणजे वाहक. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो आणि जाऊ शकतो. पण फार ऊन, फार मेहनत आणि अंगातलं पाणी कमी होणं हे तिन्ही एकत्र आले तर क्वचित वाहकालाही धोका होतो. लघवी कोकसारखी गडद किंवा लाल झाली, स्नायू असह्य दुखू लागले, तर काम थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

‘एसएस’ म्हणजे रुग्ण. त्याला ऊन, थंडी, थंडगार पाण्यात पोहणं, पाणी कमी पिणं, जागरण, यांपैकी कशानेही दुखण्याचा झटका येऊ शकतो. ऑस्ट्रेलियाच्या उन्हात द्राक्षं तोडणं किंवा ब्रिटनच्या हिवाळ्यात पहाटे गोदामात माल उचलणं, ही कामं त्याच्यासाठी नाहीत. बसून करायचं काम मिळणार असेल, विमा त्या आजाराला लागू असेल आणि रक्ताच्या डॉक्टरने होकार दिला असेल, तरच विचार करावा. अशा मुलाला जाऊ नको म्हणणं म्हणजे त्याला कमी लेखणं नाही. तो वर्षातून चार वेळा ॲडमिट होत असेल तर परक्या गावात त्याच्या उशाशी कोण बसणार, एवढंच आपण विचारतो आहोत.

औषधं, दात, चष्मा, लस

ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधं नेता येतात. ती मूळ पाकिटात असावीत. सोबत डॉक्टरची चिठ्ठी किंवा पत्र इंग्रजीत असावं, आणि त्यात औषधाचं मूळ नाव असावं, नुसतं कंपनीचं नाव नको. मेडिकलवाल्याने सुट्ट्या कापून कागदात बांधून दिलेल्या गोळ्या नेऊ नका. ट्रॅमाडॉल, कोडीन, झोपेच्या गोळ्या यांवर तिथे कडक नियम आहेत. पत्राशिवाय त्या बॅगेत टाकूच नका.

आईने बांधून दिलेले लाडू, लोणचं, मसाला, जडीबुटीचं चूर्ण यांचंही तसंच आहे. विमानतळावरच्या कार्डावर खाण्याची प्रत्येक वस्तू लिहायची. लिहिली तर फार तर ती काढून घेतात, लपवली तर मोठा दंड होतो. लाडू घरीच खाऊन जावं हे बरं.

दातांचा खर्च दोन्ही देशांत जड आहे आणि बहुतेक विम्यांत तो बसत नाही. किडलेला दात इथेच भरून घ्या, अक्कलदाढ त्रास देत असेल तर इथेच काढा. सरकारी दंत महाविद्यालयात हे कमी पैशांत होतं. चष्म्याचे दोन जोड न्या. नंबराची चिठ्ठी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

लसींमध्ये धनुर्वात, गोवर आणि हिपॅटायटीस ‘बी’ यांची खात्री करा. रुग्णालयात किंवा वृद्धांच्या सेवेत काम करायचं असेल तर जास्त तपासण्या मागतात. ऑस्ट्रेलियात खाटीकखान्यात किंवा गुरांच्या गोठ्यात काम मिळालं तर ‘क्यू फीव्हर’ नावाच्या तापाची लस विचारा. गुरा-मेंढ्यांकडून हा आजार माणसाला होतो. त्याची लस तिथेच, रक्ताची आणि त्वचेची चाचणी करून देतात. काम सुरू होण्याआधी ती घ्यायची असते.

आजारी पडलं तर कोण पाहणार?

इथे दोन देशांत मोठा फरक आहे.

ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्याचा अधिभार भरावा लागतो. वर्षाला ७७६ पौंड, म्हणजे दोन वर्षांचे १,५५२ पौंड, एकदम. तो भरला की तिथली सरकारी आरोग्य सेवा, एनएचएस, आपल्यासाठी खुली होते. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडे, ज्याला तिथे जीपी म्हणतात, नाव नोंदवा. आजारी पडल्यावर नोंदवू म्हणून थांबू नका. जिवावरचं असेल तर ९९९, सल्ला हवा असेल तर १११.

ऑस्ट्रेलियात तसं नाही. तिथली सरकारी मेडिकेअर या व्हिसावरच्या भारतीयांना मिळत नाही. विमा नसेल तर दवाखान्याचं बिल पूर्ण आपल्या खिशातून. रुग्णालयात दोन-तीन दिवस काढले की वर्षाची शिल्लक संपते. रुग्णवाहिकेचंही बहुतेक ठिकाणी शेकडो डॉलरचं वेगळं बिल येतं. म्हणून विमा हा तिकिटाइतकाच गरजेचा खर्च समजा. पैसे कमी पडले तर फोन स्वस्त घ्या, विमा स्वस्त घेऊ नका.

विमा घेताना पाच प्रश्न विचारा. रुग्णालयात भरती होणं यात आहे का? रुग्णवाहिका आहे का? शेतात किंवा कारखान्यात काम करताना झालेली इजा यातून वगळली आहे का? आधीपासूनच्या आजाराला किती महिने थांबावं लागेल? बाळंतपणाला किती? शेवटच्या दोन्हींसाठी बहुतेक विम्यांत १२ महिने थांबावं लागतं, म्हणजे तुमचा व्हिसा संपेपर्यंत. मुलींनी हे नीट वाचावं, आणि पाळी, गर्भनिरोधक, गर्भधारणा यांविषयी जाण्याआधीच डॉक्टर किंवा नर्सताईशी मोकळेपणी बोलून घ्यावं.

ऑस्ट्रेलियात तातडीचा नंबर ०००. इंग्रजी अडलं तर १३१ ४५० या नंबरवर सरकारी दुभाषी सेवा आहे. त्यावर हिंदी दुभाषा मिळतो.

ऊन, पाणी आणि काम

या व्हिसावर गेलेल्या बऱ्याच जणांना काम मिळतं ते फळं तोडण्याचं, हॉटेलात भांडी घासण्याचं, साफसफाईचं, गोदामातलं. काम हलकं नाही. पदवी घेतलेल्या मुलाने आयुष्यात कधी आठ तास वाकून काम केलेलं नसतं. त्याचे आजोबा करत होते, तो करत नव्हता. महिनाभर आधीपासून चालणं आणि उठाबशा सुरू करा. पहिल्या आठवड्यात उन्हात जास्तीचे तास मागून घेऊ नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात.

तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं पाणी प्या. डोकं दुखणं, गरगरणं, पोटऱ्यांत गोळे येणं, ही सुरुवातीची लक्षणं. सावलीत बसा, अंग ओलं करा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात. ००० लावा आणि मदत येईपर्यंत त्याच्या अंगावर पाणी ओतत राहा. औषध फवारलेल्या बागेत हातमोजे आणि मुखपट्टी मालकाने द्यायची असते. मागायला संकोच करू नका.

सुट्टीच्या दिवशी समुद्र दिसतो आणि पोरं आत शिरतात. आपल्यातल्या अनेकांना पोहता येत नाही, कारण शिकवणारी विहीर किंवा तलाव आपल्या वाट्याला आलाच नाही. तिथल्या किनाऱ्यावर लाल-पिवळे दोन झेंडे लावलेले असतात. जीवरक्षक त्या दोन झेंड्यांमध्येच लक्ष ठेवतात. पाण्यात जायचं ते तिथेच, कमरेपर्यंत. झेंडे नसतील त्या दिवशी वाळूत बसा.

मजुरी हीसुद्धा आरोग्याची गोष्ट आहे

कमी मजुरी म्हणजे कमी जेवण, जास्त तास, गर्दीची खोली. ऑस्ट्रेलियात जुलै २०२५ मध्ये किमान मजुरी तासाला २४.९५ डॉलर झाली. कॅज्युअल कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त मिळायला हवेत. फळं तोडण्याचे पैसे डब्यावर मोजले, तरी एप्रिल २०२२ पासून तासाची किमान मजुरी देणं मालकाला बंधनकारक आहे. दर तासाची नोंद वहीत ठेवा. पगाराची स्लिप मागा. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात देऊ नका. तो ठेवून घेण्याचा त्याला अधिकार नाही. तक्रारीसाठी ‘फेअर वर्क’ या सरकारी यंत्रणेचा नंबर १३ १३ ९४. व्हिसा कुठला आहे यावर तुमचा मजुरीचा हक्क ठरत नाही.

कामावर बोट कापलं, पाठ धरली, पाय घसरला, तर त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा, मेसेज केला तरी चालेल, आणि डॉक्टरकडून दाखला घ्या. तिथे कामगाराच्या इजेसाठी भरपाईची वेगळी विमा योजना असते आणि ती तात्पुरत्या व्हिसावरच्या कामगारालाही लागू होते. ‘जाऊ दे, काम जाईल,’ म्हणून गप्प बसलं की नुकसान आपलंच.

मनाची तब्येत

पहिला महिना नवलाईत जातो. एकटेपणा जाणवतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. काम मिळत नाही, घरी हप्ता सुरू झालेला असतो, आणि फोनवर मात्र ‘मस्त चाललंय’ म्हणावं लागतं. काही ठिकाणी खोलीत सोबत राहणारे आपल्याच देशातले असतात आणि पहिल्याच रात्री आडनाव विचारतात. जात विमानात मागे राहत नाही. अशा वेळी आपण काय सांगायचं, किती सांगायचं, हे मुलाने आधीच मनाशी ठरवून जावं. त्रास झाला तर खोली बदलण्याइतके पैसे बाजूला असावेत. मोठ्या शहरांत आपल्या बांधवांच्या संघटना आहेत, श्रीलंका, थायलंड, व्हिएतनामच्या लोकांनी उभारलेली विहारंही आहेत. जाण्याआधीच कुणाशी तरी ओळख करून घ्या.

झोप उडणं, जेवण तुटणं, सारखं रडू येणं, रोज दारू लागणं, ही मदत मागायची वेळ आली असल्याची खूण आहे. पाचवं शील घरी पाळलं ते तिथे एकटं असताना जास्त उपयोगी पडतं. ऑस्ट्रेलियात १३ ११ १४ आणि ब्रिटनमध्ये ११६ १२३ या नंबरांवर रात्री-अपरात्रीही माणूस बोलतो. इथे मागे राहिलेल्या आई-वडिलांनाही घोर लागतो. त्यांच्यासाठी आपल्या सरकारचा टेली-मानस नंबर १४४१६ आहे, मराठीतही बोलता येतं.

आई-वडिलांना एक विनंती. फोनवर पहिला प्रश्न ‘पैसे कधी पाठवतोस?’ हा नको, ‘जेवलास का?’ हा असू द्या. आणि पोरगं निघण्याआधी त्याला एक वाक्य स्पष्ट सांगा, की नाही जमलं तर परत ये, घर आहे. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका.

निघण्याआधीची यादी

१. साधा एक्स-रे, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, सिकलसेल चाचणी : सोडतीत नाव घालण्याआधी.
२. जुन्या आजारांचे कागद एका फाईलमध्ये, त्यांचे फोटो मोबाईलमध्ये आणि घरच्यांकडे.
३. दात, चष्मा, लसी : व्हिसाची वाट पाहत असताना.
४. औषधं मूळ पाकिटात, इंग्रजी पत्रासह.
५. ऑस्ट्रेलियासाठी विमा, ब्रिटनसाठी जीपीकडे नोंदणी.
६. तातडीचे नंबर, रक्तगट आणि ॲलर्जी कागदावर लिहून पाकिटात. मोबाईल बंद पडतो, कागद पडत नाही.
७. तिकीट व्हिसा मिळाल्यावरच.

सोडतीत नाव नाही निघालं, तरी यादीतल्या पहिल्या तीन गोष्टी वाया जात नाहीत. आणि घरातून एकच जण परदेशी जाणार असला, तरी एक्स-रे आणि सिकलसेलची तपासणी सगळ्या घराची करून घ्या.

जय भीम.